लावणीच्या दिवसांतलं अंथरूण: खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या एका आजींचा शुश्रूषा आराखडा

रुग्ण, घर आणि डिस्चार्ज कार्ड

आजींचं वय ७८. वजन ४६ किलो, तेही डिस्चार्ज कार्डावरून, कारण घरी उभं करून वजन घेण्यासारखी स्थिती नव्हती. मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी चालू, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, डाव्याचा राहिलेला. गाव साताऱ्याच्या पश्चिमेकडचं, भाताचं. जूनच्या सुरुवातीला, पहिला पाऊस पडून गेलेल्या रात्री आजी लघवीला म्हणून परसदारी निघाल्या आणि न्हाणीच्या ओल्या शहाबादी फरशीवर डाव्या अंगावर पडल्या. डाव्या मांडीचं हाड खुब्यात, गोळ्याखालच्या निमुळत्या भागाशी मोडलं. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन करून खुब्याचा गोळा बदलला. आठवडाभरानं घरी सोडलं, टाके पुढे गावातच निघाले.

मी घरभेटीला पहिल्यांदा गेले तेव्हा ऑपरेशनला अडीच आठवडे झाले होते. आजी माजघरात, स्प्रिंगा सैल झालेल्या लोखंडी खाटेवर, पाठीमागे तीन उश्या लावून अर्धवट बसवलेल्या. घरात आजोबा, वय ८४, कानानं अधू पण हिंडते-फिरते. मुलगा एमआयडीसीत पाळीनं कामाला. सून घर, जनावरं आणि शेत बघणारी. नात बारावीला, तालुक्याला एसटीनं जाऊन-येऊन. पुण्याची लेक पहिले दिवस येऊन राहिली होती आणि रजा संपल्यामुळे नुकतीच परतली होती. त्यात भाताची लावणी तोंडावर आलेली. सकाळी अकरा ते दुपारी तीन घरात आजी आणि आजोबा दोघंच, हे कोणी मला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा कळलं.

डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना अशा: दर दोन तासांनी कूस बदला, हाय प्रोटीन डाएट, ॲम्ब्युलेट, एफडब्ल्यूबी विथ वॉकर, सहा आठवड्यांनी दाखवा. एकही सूचना चुकीची नाही. पण 'ॲम्ब्युलेट' म्हणजे चालवा आणि 'एफडब्ल्यूबी' म्हणजे पायावर पूर्ण भार द्यायला परवानगी आहे, हे घरात कोणालाच कळलं नव्हतं. वॉकर दवाखान्याच्या पिशवीसकट भिंतीला टेकवून ठेवलेला. शेजारपाजारचा सल्ला मात्र सगळ्यांना कळेल अशा भाषेत होता: तीन महिने पाय टेकू देऊ नका, गोळा निखळेल. साहजिकच आजी चोवीस तास अंथरुणात होत्या.

काय तपासलं, काय सापडलं

आधी त्वचा. माकडहाडाच्या वरच्या बाजूला साधारण चार बाय तीन सेंटीमीटरचा एक गडद पट्टा होता. घरच्यांच्या लेखी तो 'काळा डाग'. पुस्तकात बेडसोरची पहिली पायरी म्हणजे दाबल्यावर पांढरी न होणारी लाली, असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असं नाही. म्हणून हाताच्या पाठीनं आजूबाजूची कातडी आणि तो भाग आळीपाळीनं चाचपायचा. इथे तो भाग उबदार, टणक होता आणि आजींनी 'स्स' केलं. कातडी फाटलेली नव्हती. पहिली पायरीच, पण पुढच्या पायरीला फार वेळ लागत नाही. डावी टाच मऊ पडलेली, दुखरी.

त्या डागावर रोज खोबरेल तेल चोळून मालीश, वर टाल्कम पावडर, बुडाखाली हवा भरलेली रबरी रिंग, चादरीखाली मेणकापड आणि वर डायपर, असा बंदोबस्त होता. सगळं जिवापाड केलेलं, पण त्यातलं जवळजवळ सगळं बंद करावं लागलं. दाबानं आतून दुखावलेल्या मांसावर चोळलं की ते आणखी दुखावतं. रिंग मधला भाग उचलून धरते खरी, पण कडेनं गोल दाब देऊन रक्तपुरवठा अडवते. मेणकापड आणि डायपर मिळून घाम आणि ओल कोंडतात. उश्यांना टेकून अर्धवट बसवलेला माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. नुसत्या दाबाइतकीच ही ओढ वाईट.

ब्रेडन मापनात आजींना ११ गुण पडले. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ साली मांडलेलं हे मापन ६ ते २३ गुणांचं. १८ किंवा कमी म्हणजे बेडसोरचा धोका, १० ते १२ म्हणजे मोठा धोका. माझ्या मते एकूण आकड्यापेक्षा तो कुठून आला हे बघण्यात जास्त अर्थ असतो. आजींचे गुण संवेदनेत ३, ओलाव्यात २, वावरात १, अंथरुणातल्या हालचालीत २, आहारात २, घर्षण आणि ओढ यांत १ असे होते. संवेदना सोडली तर बाकीच्या पाचही गोष्टी घरात बदलता येण्यासारख्या.

बार्थेल निर्देशांक १०० पैकी १५. माहोनी आणि बार्थेल यांचं हे १९६५ सालचं माप रोजच्या कामांत माणूस काय करू शकेल ते नोंदत नाही, प्रत्यक्ष काय करतो ते नोंदतं. आजींचे दोन्ही हात धडधाकट. तरी जेवणात शून्य, कारण सून भरवायची. वेणीफणीत शून्य, कारण नात करायची. तोंडही पाटावर तांब्या-ताटली आणून दुसरं कोणीतरी धुऊन द्यायचं. 'आत्यांना कशाला तरास' हे वाक्य त्या घरात मी फार ऐकलं.

बीपी झोपून १३६/७८, पाय खाली सोडून बसवल्यावर तीन मिनिटांच्या आत १०८/६६ आणि डोळ्यांपुढे अंधारी. वरचा आकडा २० किंवा जास्त, नाहीतर खालचा १० किंवा जास्त उतरला की ते धोक्याचं मानतात. लघवी गर्द पिवळी, पाच दिवस शौच नाही. ट्रॅमाडॉल ही दुखणं थांबवायची गोळी, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, पाणी कमी आणि हालचाल बंद, एवढं एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? पोटऱ्या सुजलेल्या नव्हत्या, मोजून दोन्ही सारख्या होत्या. रक्त पातळ राहण्याचं इंजेक्शन गावातल्या डॉक्टरांकडून चालू होतं.

औषधांच्या डब्यात खाली एक जुनी पट्टी सापडली: अल्प्राझोलाम. पडायच्या आधीपासून, झोप लागत नाही म्हणून रोज रात्री एक. रात्री लघवीला उठणारी मधुमेही म्हातारी, एका डोळ्यात मोतीबिंदू, पोटात झोपेची गोळी आणि ओली फरशी. पडण्याचं कारण 'म्हातारपण' असं कार्डावर लिहून चालण्यासारखं नव्हतं. ही गोळी एकदम तोडायची नसते. डॉक्टरांशी बोलून ती टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं.

आजी दिवसा पेंगतात, बोलत नाहीत असंही सून म्हणाली. ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री त्या बरळत होत्या, म्हणजे भ्रमाचा झटका येऊन गेलेला. आता वार, महिना, घरात कोण कोण सगळं नीट सांगत होत्या. पेंग बरीचशी गोळीची आणि अर्धपोटी राहण्याची निघाली.

आजींना काय हवं होतं

आराखड्यात उद्दिष्ट लिहायची जागा असते आणि तिथे बहुतेक ठिकाणी आपणच काहीतरी लिहून टाकतो: 'रुग्णाची हालचाल सुधारेल.' मी आजींना विचारलं, महिन्याभरात काय जमलं पाहिजे? आधी त्या 'देव ठेवील तसं' म्हणाल्या. सून पाणी आणायला आत गेली तसं हळू आवाजात म्हणाल्या, "हागायमुतायला कुनाचं तोंड बघायला नगं, बास. बाकी काय बी करा."

पाणी का पीत नाही याचं उत्तरही त्यातच होतं. बेडपॅन मागायला नको म्हणून घोटभरावर भागवायच्या.

म्हणून आराखड्याचं पहिलं उद्दिष्ट लिहिलं: सहा आठवड्यांत कमोडच्या खुर्चीवर स्वतः उठून जाणं, कोणी जवळ उभं असलं तरी हात न लावता. बेडसोर, बद्धकोष्ठ, चक्कर, खाणं, पडण्याची भीती या सगळ्या समस्या ओळीनं लिहिल्या, पण प्रत्येकीपुढे या एका उद्दिष्टाशी तिचा काय संबंध ते लिहिलं. घरच्यांना 'प्रथिनं वाढवा' सांगितलं तर ते मान डोलावतात. 'मांडीत ताकद आली की आजी स्वतः उठतील, त्यासाठी दोन अंडी' हे त्यांना पटतं. आणि घाई होतीच. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. आजी तर धडधाकट नव्हत्या आणि दिवस त्याहून जास्त झाले होते.

सुरुवात करण्याआधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या टीमला फोन करून दोन गोष्टी पक्क्या केल्या. पूर्ण भार द्यायला चालेल का? चालेल. ऑपरेशन कुठल्या बाजूनं केलंय? मागून. मागून केलेल्या ऑपरेशनमध्ये निदान बारा आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाय आत वळवायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे याचा अर्थ: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाटावर जेवायचं नाही, पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही, परसातला संडास वापरायचा नाही. मी हे असंच, याच शब्दांत, वहीच्या पानावर लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवलं.

घराच्या घड्याळावरचा आराखडा

'दर दोन तासांनी' हे दवाखान्याचं घड्याळ. तिथे पाळीला सिस्टर असते. इथे लावणीला गेलेली सून दर दोन तासांनी चिखलातून उठून घरी येणार का? म्हणून सुनेबरोबर बसून, तिचा दिवस कसा जातो ते आधी लिहून काढलं आणि त्यात कूस बसवली.

पहाटे साडेपाचला सून उठते, तेव्हा एक कूस. सातला चहा, तो बसून. साडेआठला न्याहारी आणि लगेच कमोडची खुर्ची, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलतात आणि बद्धकोष्ठाला ही वेळ साधणं उपयोगी. अकराला शेतावर निघण्याआधी उजवी कूस. एक वाजता शेजारच्या काकू येऊन जेवायला खुर्चीत बसवणार आणि जेवण झालं की पाठीवर निजवणार. तीनला नात कॉलेजातून आली की पुन्हा कूस. पाचला सून परत. रात्री दहाला झोपताना. मग मुलगा दुसऱ्या पाळीहून साडेबाराला घरी येतो तेव्हा. त्यानंतर थेट पहाटे.

शेवटचं अंतर पाच तासांचं. ते मला आवडलं नव्हतं. पण सुनेची झोप मोडून मोडून ती आजारी पडली असती तर अख्खा आराखडा कोसळला असता. चांगल्या फोमच्या गादीवर, त्वचा रोज तपासून, हे अंतर चार तासांपर्यंत नेता येतं. एक तास जास्त होत होता. त्यावर पहाटेची त्वचा-तपासणी सक्तीची केली, आणि टाचा रात्रभर अधांतरी राहतील अशी उशी लावायला शिकवलं: गुडघ्याखाली नाही, पूर्ण पोटरीखाली लांब, म्हणजे टाच गादीला टेकतच नाही. मुलाची पहिली किंवा तिसरी पाळी असेल त्या आठवड्यात साडेबाराची कूस नातीकडे. ती अभ्यासाला जागीच असते.

हवेची गादी भाड्यानं आणायची लेकीची फार इच्छा होती, पैसेही तीच देणार होती. मी विरोध केला. पावसाळ्यात त्या भागात वीज जाते आणि गेली की गादी बसते. दुसरं, हलत्या गादीवर स्वतःहून कुशीला वळायला जास्त जोर लागतो. तिसरं, हवेची गादी आली की घर कूस बदलायचं सोडून देतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. पूर्ण निपचित रुग्णाला ती गादी जरूर घ्यावी. आजींसाठी त्याच पैशांत चार इंची दाट फोम, त्याखाली स्प्रिंगा झाकायला प्लायवूडची फळी आणि कमोडची खुर्ची आली. सुताराकडून मधोमध खोलगट खाचा असलेले चार लाकडी ठोकळे करून घेतले. खाटेचे पाय त्यांत बसतात, विटांसारखे सरकत नाहीत. खाट एवढीच उंच झाली की कडेला बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहावेत. प्लॅस्टिकची हातवाली खुर्ची बुटकी पडत होती, म्हणून दोन खुर्च्या एकात एक घालून भिंतीला टेकवल्या.

कुशीवर ठेवायचं म्हणजे पूर्ण आडवं नाही. ९० अंशांत सगळा भार मांडीच्या बाहेरच्या हाडावर येतो. पाठीमागे गोधडीची वळकटी घालून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी, म्हणजे ऑपरेशनचा पाय आत पडत नाही. टाक्यांची जागा भरून येईपर्यंत डाव्या अंगावर नको, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे सुरुवातीला उजवी कूस आणि पाठ एवढ्याच दोन जागा मिळाल्या.

वर सरकवायला सून आणि नात आजींच्या काखेत हात घालून ओढायच्या. त्याऐवजी एका जुन्या सुती नऊवारी लुगड्याची चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंथरली. दोघींनी दोन बाजूंनी काठ मुठीत गुंडाळायचे, 'हरी' म्हणताच उचलायचं आणि सरकवायचं. कातडी घासत नाही, सुनेची कंबर वाचते. मुलगा आईला हात लावायला संकोचत होता. लुगड्याला धरायला त्याची हरकत नव्हती. रात्रीची कूस त्याच्याकडे जाऊ शकली ती यामुळे.

मधल्या ओसाड वेळेत दोन माणसं हाताशी होती. आजी स्वतः: खाटेची कडेची पट्टी धरून, चांगला पाय दुमडून अंग उचलायचं आणि कलतं करायचं. आजोबा: त्यांना गजर ऐकू येत नाही, पण भिंतीवरचं घड्याळ दिसतं. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून त्यांच्या ताब्यात. तिसरी संध्याकाळी सहाच्या आत रिकामी झाली पाहिजे, म्हणजे रात्री उठणं कमी. हृदय किंवा मूत्रपिंडामुळे पाण्यावर बंधन नाही, हे डॉक्टरांकडून आधी विचारून घेतलं होतं. आजोबांनी हे काम इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याच आठवड्यात आजी त्यांच्यावर खेकसल्या, "मानसाला पानी पाजताय का म्हशीला?" पण पाणी गेलं. बीपीतला उतारही कमी होत गेला.

लुगडं

सगळ्यात जास्त अडलं ते कपड्यावर. आयुष्यभर नऊवारी नेसलेल्या बाईला कमोडच्या खुर्चीवर बसायचं तर कासोटा सोडा, पुन्हा घाला. त्याला माणूस लागतं आणि तेवढा वेळ उभं राहता येत नाही. लेकीनं पुण्याहून समोरून बटणांचे दोन गाऊन आणले होते. आजींनी अंगाला लावू दिले नाहीत. घरात मुलगा, सासुरवाडीची येणीजाणी, माजघरातून सगळ्यांची वाट; 'त्या झब्ब्यात' बसायचं नाही म्हणजे नाही. डायपर चालू राहिलं ते या कारणानं, लघवीवर ताबा नाही म्हणून नव्हे. ताबा पूर्ण होता.

सुनेनंच तोड काढली. परकर-पोलकं आणि खांद्यावरून जुन्या लुगड्याचा अर्धा तुकडा, पदर डोक्यावर येईल असा. बघणाऱ्याला लुगडं दिसतं, बसताना नुसता परकर वर घ्यायचा. खाटेभोवती दोरीवर चादरीचा पडदा. त्याच आठवड्यात दिवसाचं डायपर सुटलं, पुढे रात्रीचंही.

खाणं

आजी पेज आणि चहा-बिस्किटावर होत्या. अंडं उष्ण, डाळ वातूळ, ताक थंड, दाणे पित्त करतात, असं पथ्य कोणाकोणाकडून गोळा झालेलं. पण पेजेचं खरं कारण मला फळीवर सापडलं. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात आजींची कवळी. ऑपरेशनला नेताना काढली ती तशीच दवाखान्यातून घरी आली, आणि परत तोंडात घालायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. आजींनी मागितली नाही, कारण 'पेज खायाला दात कशाला'. हिरड्या तपासल्या, कवळी ब्रशनं घासून घेतली, थोडी सैल होती पण बसली. त्याच दुपारी त्यांनी नाचणीची भाकरी दुधात कुस्करून का होईना, चावून खाल्ली.

बेडसोर असलेल्या रुग्णाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे आजींना रोज ५५ ते ६९ ग्रॅम. चालू खाण्यात याच्या निम्मीही भरत नव्हती. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, ठीक असल्याची खात्री करून आखणी केली: दिवसभरात अर्धा लिटर दूध, त्यातून साधारण १६ ग्रॅम, दोन अंडी, १२, वरण किंवा मुगाचं धिरडं किंवा उसळ मिळून साठ ग्रॅम कडधान्य, १४, मूठभर दाण्याचं कूट भाजीत, ६, बाकी भाकरी आणि ताकातून. पावडरचा डबा आणला नाही. गरज नव्हती, आणि महागडा डबा आला की घरचं अंडं मागे पडतं.

मधुमेहाच्या बाजूनं एक गोष्ट घाईनं करावी लागली. आजी निम्मं जेवत होत्या पण ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी पूर्ण चालू होती. सकाळी 'घाबरं होतं, घाम येतो' या तक्रारीवर शुगर तपासली तर ६४. साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, डॉक्टरांना तिथूनच फोन केला, त्यांनी डोस कमी केला. आहार वाढल्यावर गोळ्या पुन्हा जुळवून घेतल्या.

उभं राहणं

क्रम ठरवून दिला आणि तो मोडायचा नाही असं बजावलं. झोपल्याजागी घोटे वर-खाली वीसदा. ऑपरेशनचा पाय आधी कडेला. बसल्यावर दोन मिनिटं थांबायचं, अंधारी आली तर परत आडवं. मग खाटेच्या कडेवर हात रेटून उठायचं, वॉकर ओढून नाही, तो उलटतो. वॉकरची मूठ उभं राहिल्यावर मनगटाच्या उंचीला. वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. ग्रामीण रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टनी दोनदा येऊन मांडीचे व्यायाम घालून दिले. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कार्यक्रमात, जो २०१०–११ पासून चालू आहे, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांच्या घरी भेट धरलेली आहे. मागावी लागते, एवढंच.

पहिल्या दिवशी आजी उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. दुखलं म्हणून नाही. त्या सारखं "पडते, पडते" म्हणत होत्या आणि वॉकर धरलेली बोटं पांढरी पडली होती. मी समोर, सून मागे. काही समजावलं नाही, नुसते आकडे मोजले. दहा झाल्यावर बसवलं. व्यायामाआधी अर्धा तास पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल डॉक्टरांनी बंद केलं.

घरात बदल थोडेच केले: न्हाणीत रबरी जाळीची चटई, माजघर ते ओसरी रात्रीचा दिवा, जमिनीवरच्या घोंगड्या उचलल्या, मागून पट्टा असलेली चप्पल. उंबरठा तोडायला मुलगा तयार होता, आजोबा नव्हते. दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार करून भागलं.

बेंदूर

सण आला, पाहुणे आले. आजींना बघायला माजघर भरलं, त्यांना उश्या लावून बसतं केलं गेलं आणि दोन दिवस आराखडा खाटेच्या डोक्याशी नुसता चिकटून राहिला. कूस नाही, खुर्ची नाही, पुरणपोळ्या मात्र झाल्या. तिसऱ्या दिवशी सुनेनं फोटो पाठवला: माकडहाडापाशी पावलीएवढी कातडी सोललेली. दुसरी पायरी.

बेडसोरचा राग काळजी घेणाऱ्यावर निघतो, तसा इथेही निघाला. नवरा बायकोला बोलला, तेही पाहुण्यांसमोर. मला त्या घरात हेच एक खटकलं. तिच्या नोंदवहीत पहाटेची एकही तपासणी चुकलेली नव्हती, आणि जखम पहिल्याच दिवशी हाती लागली ती त्या वहीमुळे. हे मी मुलाला तिच्यासमोर सांगितलं. जखम सलाइननं धुऊन न चिकटणारं ओलसर ड्रेसिंग लावलं, दर दोन-तीन दिवसांनी बदललं. बीटाडिन ओतायला मनाई. खुर्चीतला वेळ सलग एक तासावर आणला आणि मधे मधे हातावर जोर देऊन बूड उचलायला लावलं. आशाताईंना आठवड्याच्या फेरीत जखमेवर नजर टाकायला सांगितलं. अडीच आठवड्यांत कातडी आली.

आराखड्यात एक ओळ वाढली: पाहुणे आले तर आजी खुर्चीत किंवा ओसरीवर भेटतील, अंथरुणात नाही.

सहा आठवड्यांनंतर

ब्रेडन ११ वरून १८: ओलाव्यात पूर्ण ४, वावर, हालचाल आणि आहार प्रत्येकी ३, ओढ २, संवेदना पूर्वीइतकीच ३. म्हणजे धोका संपलेला नाही, सौम्य झाला आहे. बार्थेल १५ वरून ६५. हातानं जेवतात, वेणी स्वतः घालतात, वॉकरवर ओसरीपर्यंत जातात, जवळ माणूस लागतं. कमोडच्या खुर्चीवर स्वतः उठून जातात. परकर सारखा करायला अजून नातीचा हात लागतो, म्हणून ते उद्दिष्ट 'बहुतांशी साध्य' असं लिहिलं. अंघोळ सून घालते, जिना विचारलाच नाही.

राहिलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ आहेत, हे गृहीत धरायचं असतं. पण डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वापलीकडे त्यावर काही नव्हतं. फॉलोअपच्या चिठ्ठीत मी तो प्रश्न लाल शाईत लिहून दिला आणि उजवा खुबा अजून शाबूत आहे, असंही लिहिलं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत होत्या, ती सकाळ-संध्याकाळ वेगळी केली. झोपेची गोळी अर्ध्यावर आली आहे. सुनेच्या कंबरेचं दुखणं तिनं शेवटच्या भेटीत पहिल्यांदा बोलून दाखवलं. तिला व्यायाम दाखवले, आणि दिवाळीत आठ दिवस येऊन राहायचं लेकीकडून कबूल करून घेतलं. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शुगर आटोक्यात हवी, ती तारीख दिवाळीनंतरची. आजींचा प्रश्न वेगळाच आहे: भाऊबीजेला पाटावर बसता येईल का? बारा आठवडे तोवर उलटलेले असतील, तरी त्याचं उत्तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच द्यायचं. तोपर्यंत एकात एक घातलेल्या दोन खुर्च्या.